आजोबांची झोप आणि व्यायाम

“चार दिवस फिरलो, तरी झोप नाहीच,” असे म्हणून आजोबा फिरणे सोडतात. वयाबरोबर गाढ झोप घटते, रात्री वारंवार जाग येते. मग व्यायाम निरुपयोगी का?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात झोपेची तक्रार असलेल्या, ५० ते ७६ वर्षे वयाच्या ४३ व्यक्ती होत्या. एका गटाने आठवड्यातून चारदा ३० ते ४० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने केला नाही. १६ आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांना झोप लवकर लागू लागली, जास्त वेळ टिकू लागली. मात्र ही नोंद त्यांनी स्वतःच केलेली होती.

तेव्हा आजोबांना सांगा, चार दिवसांत निकाल लावू नका. चार महिने चाला.