गुणी नव्हे, थकलेली

पाथर्डी-जामखेडकडच्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत मैत्रिणी हसल्या की हसणारी, गोंगाट असह्य होऊनही कान न झाकणारी मुलगी घरी येऊन दप्तर फेकते आणि तासभर कुणाशी बोलत नाही. बाई तिला गुणी म्हणतात, घरचे घुमी. स्वमग्नता (ऑटिझम) कुणाच्या मनातही येत नाही, कारण आपल्या डोळ्यांसमोरचं स्वमग्न मूल मुलगाच असतं. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्या स्वमग्नतेवरच्या १९४३च्या गाजलेल्या निबंधातल्या ११ मुलांत मुली अवघ्या ३ होत्या. एका मुलीमागे चार मुलगे हे प्रमाण पुढे रूढ झालं. २०१७मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा ते तीनच्या आसपास निघालं. स्वमग्न मुली अनेकदा इतरांचं बघून वागणं उचलतात, म्हणून निदानातून निसटतात. या नकलेची किंमत थकवा, चिंता आणि 'माझंच काहीतरी चुकतंय' ही समजूत.

'स्वमग्नतेचा शिक्का बसला तर लग्न कसं जमणार?' ही आईबापांची भीती खोटी नाही. पण शिक्के बसलेलेच असतात: हट्टी, माणूसघाणी, नाटकी. उशिरा निदान झालेल्या कित्येक स्त्रियांनी मुलाखतींत सुटकेची भावना बोलून दाखवली आहे; सोबत वाया गेलेल्या वर्षांचं दुःखही. स्वतःला स्वीकारायला आधी स्वतःचा उलगडा व्हावा लागतो. निदानाला कायद्याचाही आधार आहे: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. आरक्षणासारख्या लाभांना मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि सगळं झाकायला शिकलेली मुलगी तपासणीतही झाकतेच.