कोर्टाचं दार बंद, स्टेटस मात्र उघडं

घटस्फोटाचा खटला बंद दालनात चालतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ तसं सांगतं, आणि अशा खटल्यातला मजकूर परवानगीशिवाय प्रसिद्ध करणाऱ्याला १,००० रुपयांपर्यंत दंडही ठेवतं. रक्कम आज कुणाला हसू आणेल, पण हेतू स्पष्ट आहे: नवरा-बायकोचं भांडण चव्हाट्यावर येऊ नये.

आता माणगावकडे या. मुंबई-गोवा महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव, इथे अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायालय आहे. नवरा मुंबईत नोकरीला, बायको बिनसल्यामुळे माहेरी, हे चित्र कोकणात नवं नाही. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको जिथे राहते, त्या हद्दीतल्या न्यायालयातही ती घटस्फोटाचा अर्ज करू शकते. त्यामुळे तारखेला चाकरमान्यालाच खाली यावं लागतं. त्याआधी त्याची बातमी मात्र पोहोचलेली असते, कारण भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, वाडीचा आहे आणि लग्नाच्या वेळी बनवलेला, दोन्हीकडच्या वऱ्हाडींचा, अजून कुणी न मोडलेला एक ग्रुपही आहे. रात्री कुणीतरी नाव न घेता स्टेटस टाकतं: ‘काही माणसं वेळेवर ओळखू आली.’ स्टेटस २४ तासांनी जातं. स्क्रीनशॉट तोवर एखाद्या मामेसासऱ्यामार्फत समोरच्या वकिलाकडे गेलेला असतो.

मग सुचतं ते डिलीट करणं. इथे एक जुना निकाल लक्षात ठेवावा. एका मराठी जोडप्याच्या खटल्यात नवऱ्याने लेखी कैफियतीत बायकोच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले आणि पुढे दुरुस्ती करून तो मजकूर वगळला. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वगळल्याने झालेली इजा पुसली जात नाही; असे आरोप हीच मानसिक क्रूरता. तेव्हा फेसबुक जन्मालाही आलं नव्हतं. कोर्टाच्या कागदावरून काढलेल्या शब्दांची ही गत, तर दोनशे जणांनी वाचलेल्या पोस्टची काय? शिवाय खटला सुरू असताना मजकूर पुसला, तर ‘लपवण्यासारखं काहीतरी होतं’ असा अर्थ निघू शकतो. म्हणून पुसण्याआधी वकिलाला विचारावं, आणि नवं काही न टाकणं तर पूर्णपणे आपल्याच हातात असतं.

फोनवरचं बोलणंही आता तितकं खासगी राहिलेलं नाही. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीतल्या वैवाहिक खटल्यात चोरून केलेलं रेकॉर्डिंगही पुरावा म्हणून घेता येईल असा निर्णय दिला. पण याचा अर्थ हेरगिरीला मोकळं रान मिळालं, असा काढू नये. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे आणि शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे. एकत्र राहताना एकमेकांना सांगितलेले पासवर्ड वेगळं झाल्यावर पहिल्याच दिवशी बदलावेत. ईमेलचा आधी.

सगळ्यात महाग पडतात ते आनंदाचे फोटो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या पोटगीच्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की, पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. प्रतिज्ञापत्रात ‘नोकरी सुटली’ आणि इन्स्टाग्रामवर नव्या गाडीपुढे नारळ फोडतानाचा फोटो, मग उलटतपासणीत वकिलाला फार कष्ट घ्यावे लागत नाहीत. गाडी मित्राची असली तरी ते सिद्ध करत बसायचं ओझं फोटो टाकणाऱ्यावर येतं. बायकांनाही हेच लागू. आणि मुलाचा ताबा वादात असेल, तर त्याचे रडवेले व्हिडिओ टाकून सहानुभूती गोळा करणाऱ्याचं कौतुक कुठलाही न्यायाधीश करणार नाही.

बरं, स्क्रीनशॉट दाखवला की काम झालं असंही नाही. हा धडा जालन्याच्या राजकारणातून आला. २०१४ च्या विधानसभेत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले आणि वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नकलेबरोबर प्रमाणपत्र लागेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीत आहे; एक भाग नक्कल देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. कुटुंब न्यायालयांना पुरावा घेण्यात जास्त मोकळीक आहे, पण त्या भरवशावर ढिलाई बरी नव्हे. धमकीचे मेसेज आले असतील तर ते कापून, रंगवून ग्रुपवर फिरवू नयेत. तारीख-वेळेसह जसेच्या तसे फोनमध्ये राहू द्यावेत.

वकिलाची फी झेपत नाही म्हणून फेसबुकवर न्याय मागणाऱ्या स्त्रियांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. जाताना चॅटच्या झेरॉक्सबरोबर तो मूळ फोनही न्यावा, चार्ज करून.