नाकाबंदीचा हिशेब चलानात सापडत नाही

मुंबईतल्या मनोरीहून दुचाकी मार्वेला न्यायची तर बोटीत चढवता येते. रस्त्याने जायचं तर मात्र गोराई, उत्तन, भाईंदर असा लांबचा वळसा पडतो. सुट्टीच्या दिवशी या अरुंद रस्त्यावर गाड्या वाढल्या आणि पोलिसांनी अडवायला सुरुवात केली, की अनेक समजुती ऐकू येतात.

त्यातली सर्वांत पक्की समजूत म्हणजे ‘ई-चलानमुळे सगळं नोंदलं जातंच.’ मुंबईत २०१६ पासून ई-चलान आहे. त्यात गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण, कलम आणि रक्कम असते. पण ही नोंद दंडाची आहे, अडवण्याची नाही. कागदपत्रं बघून ज्याला सोडलं, त्याचं चलान निघतच नाही. आणि कॅमेऱ्याने पाठवलेल्या चलानात कुणी कुणाला अडवलेलंच नसतं. त्यामुळे कोणाला पुन्हा पुन्हा थांबवलं जातं, मासळीच्या टेम्पोला की फिरायला आलेल्या गाडीला, हे चलानांच्या बेरजेतून कधीच कळणार नाही. माझ्या मते खरी उणीव हीच आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९९९ मध्येच गाड्या अडवण्याच्या नोंदींचा कायदा केला. कॅलिफोर्नियाच्या २०१५ च्या कायद्याने अडवण्याची वेळ, जागा, कारण, पुढे काय झालं आणि पोलिसाला त्या व्यक्तीचा वंश कोणता वाटला, हे लिहून ठेवणं सक्तीचं केलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात असं बंधन नाही.

‘पोलिसांची माहिती गोपनीय असते,’ हेही सरसकट खरं नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८ तपासात अडथळा आणणारी माहिती रोखू देतं. नाक्यावर महिन्यात किती गाड्या तपासल्या, या एकूण आकड्याने कुठला तपास अडणार? अर्जाचं कारणही सांगावं लागत नाही. कलम ६ तसं स्पष्ट म्हणतं.

आकडे मागणं म्हणजे पोलिसांवर अविश्वास, असंही नाही. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या कारवाईचे आकडे मुंबईचे वाहतूक पोलीस स्वतःच जाहीर करतात. जे एका रात्रीचं सांगता येतं, ते वर्षभराचंही सांगता यावं. त्यात प्रामाणिक हवालदाराचंच रक्षण आहे.

मनोरीकरांना आणखी एक अडचण आहे. मनोरी-गोराई मुंबई पोलिसांकडे, तर उत्तन-भाईंदर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाकडे. म्हणजे रस्ता एक, पण अर्ज दोन. प्रत्येकाला शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसणारा हवा. त्यात दोनच गोष्टी मागा: गेल्या वर्षी या रस्त्यावर किती वेळा नाकाबंदी लावली, आणि तपासून सोडलेल्या गाड्यांची नोंद ज्यात ठेवली आहे त्या नोंदवहीची प्रत. नोंदच नसेल, तर तसं लेखी उत्तर घ्या आणि ते आपल्या लोकप्रतिनिधीपुढे ठेवा.