दहा बाय दहाची खोली आणि चार गुरुवार

भीमजयंतीच्या आधी आपल्या घराघरांत झाडलोट होते. भिंतीला रंग नाही तर निदान चुना लागतो, तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर पुसली जाते, घासलेली भांडी मांडणीवर चमकतात. पण माळ्यावरचं गाठोडं जागचं हलत नाही. खाटेखालचे डबे तसेच राहतात. पत्र्यावरचे टायर तर कुणाला आठवतही नाहीत. या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही या राहून गेलेल्या सामानाबद्दल बोलणार आहोत. मे महिन्यातली झोपमोड, पावसाळ्यातला डेंग्यू आणि घराला लागणारी आग, या तिन्हींचं मूळ पुष्कळदा तिथंच असतं.

'वर्षभर वापरलं नाही ते फेकून द्या,' असा सल्ला हल्ली मोबाइलवर रोज मिळतो. तो मोठ्या फ्लॅटवाल्यांसाठी ठीक आहे. आपल्या खोलीतला पसारा खरेदीच्या हौसेनं झालेला नाही. कंपनीतून आणलेला खोका, गावाहून आलेलं पितळी पातेलं, पुढच्या बाळंतपणाला लागतील म्हणून ठेवलेली दुपटी, दुरुस्त करू म्हणून ठेवलेला पंखा, हे सगळं 'कामाला येईल' म्हणून राहतं. कंत्राटी नोकरी आज आहे, उद्या गेट बंद. ज्याला पुन्हा विकत घेण्याची खात्री नाही, तो वस्तू जपणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

म्हणून 'वापरलं का?' हा प्रश्न आपण सोडून देऊ आणि प्रत्येक वस्तूला दुसरे चार प्रश्न विचारू. ही वस्तू हवा अडवते का? हिच्यात पाणी साठतं का? ही पेट घेईल का? हिनं झोपायची किंवा मुलाच्या अभ्यासाची जागा खाल्ली आहे का? चारही उत्तरं 'नाही' आली तर वस्तू खुशाल ठेवा. एकाचं जरी 'हो' आलं तर तिची जागा बदला, नाहीतर तिला निरोप द्या.

जुनं वापरण्याची रीत आपल्याला नवी नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दान दिली. एवढ्या वस्त्रांचं काय करणार, असं राजानं विचारलं. आनंदानं सांगितलं की ज्यांची चीवरं जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. जुन्या चीवरांची पलंगपोस, जुन्या पलंगपोसांची गादीची खोळ, मग जमिनीवरचं अंथरूण, मग पायपुसणं, मग झाडण्याचं फडकं, आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत मिसळून जमीन सारवू. आपल्या आज्यांच्या गोधड्या याच वाटेवरच्या. पण त्या कथेत प्रत्येक वस्तू पुढच्या कामाला निघते. गाठोड्यात बांधून कुणी ठेवत नाही.

काम चार गुरुवारांत वाटून घ्या. आपल्या पट्ट्यात एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणजे घरातला पुरुषही हाताशी असतो. हे काम एकट्या बाईच्या अंगावर टाकायचं नाही. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर हात लावा. भर दुपारी पत्र्याखाली माळ्यावर चढणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं.

पहिला गुरुवार: कागद आणि औषधं

सुरुवात टाकण्यापासून नको, जपण्यापासून करा. घाईत रद्दीत गेलेला कागद परत मिळत नाही. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या कोतवाल बुकाची नक्कल असे पिवळे पडलेले कागद म्हणजे नातवंडांचा प्रवेश आहे. झोपडी १ जानेवारी २००० पूर्वीची असल्याचा पुरावा पुनर्वसनात विचारला जातो. म्हणून जुनी लाइट बिलं, फोटोपास, कराच्या पावत्या फाडू नका.

आरोग्याचे कागदही तसेच. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बाळाचं लसीकरण कार्ड, टीबीच्या उपचाराचे कागद, ईएसआयचं कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा. वायसीएममध्ये किंवा मोहननगरच्या ईएसआय दवाखान्यात नेताना एक पिशवी उचलली की झालं. सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढा. पिशवी दाराजवळ, हाताला येईल अशा उंचीवर टांगा, माळ्यावर नको.

औषधांचा डबा उलटा करा. तारीख उलटलेलं बाजूला काढा. कुणाच्या तरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या 'पुढच्या तापाला' म्हणून ठेवू नका. पत्र्याजवळच्या फळीवर औषधं तापून निकामी होतात. ती खाली, भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवा. फ्रिज नसेल तर इन्सुलिन ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवता येतं, मात्र किती दिवस, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

दुसरा गुरुवार: पत्रा, माळा, खिडकी

दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. रात्रपाळी करून आलेला माणूस तर भर दुपारी त्याच पत्र्याखाली झोपतो. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडीत एका खोलीत चार-पाच पोरं पाळीपाळीनं झोपतात. अपुऱ्या झोपेनं मशीनवर डुलकी लागते आणि प्रेसखाली बोटं जातात. म्हणून झोपेची जागा हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

गरम हवा वर जाते, त्यामुळे जमिनीलगत खोली थोडी थंड असते. खाटेखालचं सामान काढलं की तेवढी फरशी झोपायला मिळते. खिडकीत रचलेले डबे आणि भिंत व पत्र्याच्या फटीत कोंबलेली पोती काढा. एका बाजूनं हवा आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर गेली पाहिजे. माळ्यावरचं सामान पत्र्याला टेकू देऊ नका, वर हातभर जागा मोकळी ठेवा. पारा ४० अंशांच्या वर गेला की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. त्या वेळी ओलं फडकं आणि पाणी पिणं यांचाच आधार.

पत्र्याला वरून पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला तर ऊन परत फिरतं. अहमदाबादनं २०१३ साली उष्णतेशी लढण्याचा शहराचा आराखडा केला, आणि पुढं तिथल्या वस्त्यांमध्ये छपरं पांढरी करण्याचं काम झालं. मात्र सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो फुटून माणूस खाली येतो. जुन्या सिमेंट पत्र्यात अॅसबेस्टॉस असतं. तो कापू नका, कोरडा घासू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

पत्र्यावरचे टायर वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले असतात. ते नुसते काढून टाकले तर वळवाच्या वादळात पत्रा जाईल. आधी पत्रा आकडीच्या बोल्टनं पक्का करून घ्या, नाहीतर टायरऐवजी वाळूची बंद पोती ठेवा. तेही जमत नसेल तर टायरला खालून दोन-तीन मोठी भोकं पाडा, म्हणजे पाणी साठणार नाही.

विटा, लाकडं, जुने पत्रे हलवताना आधी काठीनं हलवा, विंचू-साप असू शकतो. चावलाच तर मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना. उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. साबणाचं पाणी शिंपडून, नाकाला फडकं बांधून पुसून घ्या.

तिसरा गुरुवार: पाणी

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. चाकणच्या बाजूला पुष्कळ ठिकाणी टँकर. पाणी साठवणं आपल्याला चुकत नाही, पण कशात साठवतो हे आपल्या हातात आहे.

भंगारात मिळणारं निळं पिंप स्वस्त असतं. त्यात आधी काय होतं, कूलंट, थिनर की आम्ल, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. प्लास्टिक ते शोषून घेतं आणि साबणानं ते निघत नाही. घातक रसायनांनी खराब झालेली रिकामी पिंपं २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यातच मोडतात. अशा पिंपातलं पाणी पिऊ नका, त्यानं स्वयंपाक करू नका, तान्ह्याला अंघोळ घालू नका. पिण्याचं पाणी नव्या घेतलेल्या किंवा स्टीलच्या भांड्यात, झाकण लावून.

डेंग्यूचा डास गटारात नाही, आपल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. मादी भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या कडेला अंडी चिकटवते. ती अंडी कोरड्यात महिनोन् महिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा पिंप आतून काथ्यानं घासायचं, कोरडं करायचं, मग भरायचं. पाणी येण्याच्या वेळेआधी हे केलं तर थेंबही वाया जात नाही. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, फुटका मग हेही त्यातच आले. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिवस. पावसाच्या आधी हे उरकण्याची ती चांगली आठवण आहे.

एक कडक सूचना. फरशी घासताना अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत माणूस गुदमरतो.

चौथा गुरुवार: आग, वाट आणि अभ्यासाचा कोपरा

ऑगस्ट २०२३ मध्ये चिखलीच्या पूर्णानगरात एका हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली. दुकानातच राहणाऱ्या कुटुंबातले चौघे गेले. माल आणि माणसं एका जागी असली की आगीला वेळ लागत नाही.

आपल्याकडे कंपनीतला फोम, बबलची प्लास्टिक शीट, खोके पत्र्याखाली उन्हाला आडोसा म्हणून लावतात. फोम क्षणात पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. तो काढा. थिनर, रंग, सेंटचे डबे गॅसपासून आणि पत्र्यापासून दूर. सिलिंडर उभा, त्याच्याभोवती काही रचू नका. एका बोर्डाला चार पिना लटकल्या असतील तर कूलर आणि शेगडी वेगळी करा. फुगलेली मोबाइलची बॅटरी घरात ठेवू नका. ओटास्कीम, अजंठानगर, विठ्ठलनगरच्या इमारतींत राहणाऱ्यांनी जिना आणि मीटरची जागा रिकामी करावी. धुरात तोच एक रस्ता असतो. आग लागली तर १०१ किंवा ११२.

ग्राइंडिंग, पेंट, बॅटरीचं काम करणाऱ्यांचे कामाचे कपडे आणि बूट दाराशी वेगळे ठेवा आणि वेगळे धुवा. त्यावरची धातूची धूळ रांगत्या बाळाच्या हाताला लागते आणि पोटात जाते. शिसं तर मुलाच्या बुद्धीवरच घाला घालतं.

एवढं काढल्यावर जी जागा निघेल तिच्यातला दिव्याखालचा एक कोपरा मुलांना द्या. परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजींचं कुटुंब एका खोलीत, सामानाच्या गर्दीत राहत होतं. दोघांना झोपायला नीट जागा नव्हती. रामजी भीमरावाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आडवे होत. बापानं झोप देऊन मुलाला जागा करून दिली. आपल्याला तर एक गाठोडं हलवायचं आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तो कोपरा तयार असू द्या.

काढलेलं सामान कुठं जातं?

आपण टाकलेलं उचलणारी बाई बहुधा आपल्याच वस्तीतली असते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली ती अशाच बायांच्या कष्टाला मोल मिळावं म्हणून. ओला आणि सुका कचरा वेगळा द्या. फुटकी काच, ब्लेड, सुया जाड कागदात बांधून वर लिहा. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करा, म्हणजे तिला उघडून पाहावं लागणार नाही. ज्याला अजून किंमत आहे ते भंगार तिलाच द्या. प्लास्टिक, रबर, वायरी वस्तीत जाळू नका. त्या धुराचा पहिला घास शेजारच्या दमेकऱ्याला जातो.

धडके कपडे, दप्तरं, पुस्तकं विहारात एका टेबलावर मांडा. ज्याला हवं तो नेईल, विचारायचं नाही. आणि गल्लीत एकटी राहणारी म्हातारी आजी असेल तर चारांतला एक गुरुवार मंडळाच्या पोरांनी तिच्या घरी द्यावा. तिच्या माळ्यावर तिला चढता येत नाही, आणि तिच्या पिंपातला डास आपल्या घरात येताना दार वाजवत नाही.