नवोदयला नंबर लागला नाही म्हणजे मूल बेताचं?

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासा-खानवेल भागात पाचवीतल्या मुलाबद्दलचा निकाल एका यादीवर लागून जातो. जवाहर नवोदय विद्यालयाच्या यादीत नाव आलं की पोरगं हुशार, नाही आलं की ‘यथातथाच’.

ही यादी गुणवत्ता यादी आहे, हा मुळातला गैरसमज. १९८५-८६ मध्ये झज्जर आणि आपल्या अमरावतीत पहिली दोन नवोदय विद्यालयं प्रयोग म्हणून निघाली, ती खेड्यातल्या होतकरू मुलांना मोफत निवासी शिक्षण मिळावं म्हणून. जिल्ह्यातली पहिली ८० मुलं हुडकून काढण्यासाठी नव्हे. सहावीच्या जागा जास्तीत जास्त ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांच्या, एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश मुलींच्या, शिवाय अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांचं आरक्षण. त्यामुळे शहरातल्या शाळेत शिकलेल्या मुलाला जास्त गुण पडूनही जागा मिळाली नाही, असं होऊ शकतं. यात अन्याय काही नाही. २०११च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीत निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. वारली, कोकणा, धोडिया घरांतली कित्येक मुलं शाळेत जाणारी पहिलीच पिढी. दुधनीच्या डोंगरातलं मूल आणि शहरात क्लास लावलेलं मूल यांना एकाच रांगेत उभं करणं हाच खरा अन्याय झाला असता. पण जागा अशा वाटल्यावर त्या यादीला ‘सर्वांत हुशार ८०’ म्हणायचं, हे मात्र जमत नाही.

‘बुद्धी असली की पेपर सुटतोच,’ असंही म्हणतात. पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० गुण आकृत्या ओळखण्याचे, २५ अंकगणिताचे, २५ भाषेचे. सगळं पर्याय निवडून. चार ओळी स्वतःच्या मनाने लिहिणं नाही, प्रयोग नाही, तोंडी प्रश्न नाहीत. आकृत्यांचे प्रश्न सरावाने जमू लागतात, म्हणूनच तर नवोदयचे क्लास चालतात! त्या दिवशी ताप असलेल्या मुलाची बुद्धी या पेपरात कशी दिसावी?

मुंबई-पुण्यातल्या महागड्या शाळांच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाभोवतीही असंच वलय आहे. तिथे सहा विषयांचे प्रत्येकी ७ आणि निबंध वगैरेंचे ३ असे ४५ गुण असतात. ठरवलेली पातळी गाठली आणि अटी पूर्ण केल्या की डिप्लोमा मिळतो, मग इतर कितीही मुलांना तो मिळो. अवघड अभ्यास पेलला, एवढंच तो सांगतो. मुळात परीक्षेला कोण बसणार, हे आधी फीच ठरवते.

राहिला ‘एकदा हुकलं की संपलं’ हा समज. सहावीची परीक्षा एकदाच देता येते, हे खरं. पण रिकाम्या जागांसाठी नववीतही निवड परीक्षा होते. तेव्हा अर्ज जरूर भरा, त्याला फी नाही. आणि नंबर नाही लागला, तर मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीत गेल्यावर एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला लावा: घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल निवडलं गेलं, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते.