हार्ड डिस्क : कंपनीची की बाजारातली?

दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये पाऊल ठेवलं की दोन-चार पोरं मागे लागतातच, 'लॅपटॉप? हार्ड डिस्क? बोलिए मॅडम!' नोएडा, गुरुग्राम, फरिदाबादहून लोक संगणकाचे सुटे भाग घ्यायला इथं येतात. घरात मात्र आधीच वाद झालेला असतो. वडील म्हणतात, कंपनीकडूनच बसवून घेऊ. मुलगा म्हणतो, अहो बाबा, बाजारात तीच वस्तू स्वस्त मिळते.

मुलाचं म्हणणं बरंचसं खरं आहे. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क स्वतः बनवत नाहीत. सॅमसंगचा हा व्यवसाय २०११ मध्ये सीगेटकडे गेला, हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलकडे. आता या दोघी आणि तोशिबा, एवढ्याच तिघी उरल्या आहेत. फरक आहे तो जबाबदारीचा. संगणकासोबत आलेल्या डिस्कची हमी संगणकाच्या हमीबरोबरच संपते, बहुधा वर्षभरात. वेगळ्या घेतलेल्या डिस्कला तिच्या उत्पादकाची स्वतंत्र हमी असते, साधारण दोन ते पाच वर्षांची.

पण खरी मेख पुढेच आहे. संगणक कंपन्यांसाठी बनलेल्या डिस्कही बाजारात सुट्या विकल्या जातात. अशा डिस्कवरचा अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकला, तर हमी संगणक कंपनीकडे मागा, असं उत्तर मिळू शकतं. म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानातच मोबाइलवर तो क्रमांक तपासा. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान गाठा, तिथं दुकानांना तोटा नाही!

जुनी डिस्क नवी म्हणून गळ्यात मारण्याचा प्रकार फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. त्यांच्या वापराच्या तासांची नोंदही पुसलेली होती. तेव्हा सीलबंद पाकीट, अधिकृत विक्रेता आणि अनुक्रमांक लिहिलेलं जीएसटी बिल, या तिन्हींचा आग्रह धरा. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बिल नसेल तर तिथं तुमची बाजू लंगडी पडते.

एक टेराबाइटची डिस्क संगणकावर ९३१ दिसली तर भांडू नका. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

लॅपटॉप हमीत असेल तर तो उघडल्याने हमी जाते का, हे कंपनीला लेखी विचारा. हमी संपली असेल तर माझं मत बाजाराच्या बाजूने, आणि तेही तबकडीऐवजी एसएसडीच्या. जुना लॅपटॉप तिच्यामुळे चटकन सुरू होतो. मात्र तुमच्या लॅपटॉपला साटा लागते की एम.२, हे आधी पाहून घ्या. अॅपलच्या अलीकडच्या मॅकबुकमध्ये तर ती पक्की बसवलेलीच असते, बदलता येत नाही.

जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. फाइल डिलीट केली तरी ती बहुधा परत काढता येते, आणि त्यात आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो असतात, बँकेचे कागद असतात. डिस्क धडधाकट असेल तर यूएसबीचं एक आवरण घ्या, काही शे रुपयांत मिळतं. त्यात ती बसवली की फोटोंची दुसरी प्रत घरच्या कपाटात राहते.