मुलांची ने-आण : पालकांत संवाद नसेल तर आदेश तपशीलवार हवा
नवी दिल्ली : विभक्त पालकांच्या वादात मुलाचा ताबा कोणाकडे राहील, याचा निर्णय न्यायालय देते. त्यानंतर दर आठवड्याला मूल एकाने दुसऱ्याच्या हाती सोपवायचे असते आणि अनेक कुटुंबांत नवे वाद याच वेळी उद्भवतात.

पालक व पाल्य अधिनियम, १८९० तसेच हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ या दोन्ही कायद्यांत मुलाचे हित महत्त्वाचे मानले आहे. मात्र शनिवारी किती वाजता, कोठे आणि कोणी यायचे, हे कायदा सांगत नाही. ते आदेशात किंवा संमतिपत्रात लिहावे लागते. ‘वडिलांनी दर शनिवारी मुलास भेटावे’ एवढेच वाक्य असल्यास बोलणारे पालक उरलेले फोनवर ठरवतात. अबोला असलेले पालक पुन्हा न्यायालयात अर्ज करतात.

तपशिलाने किती फरक पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ मधील एका निकालात दिसते. तमिळनाडूतील दोन वर्षांच्या मुलीला वडिलांच्या भेटीसाठी दर रविवारी मदुराईहून सुमारे १५० किलोमीटरवरील करूरला नेण्याचा आदेश होता. एवढ्या लहान मुलीला एका दिवसात ३०० किलोमीटरचा प्रवास घडवणे तिच्या हिताचे नाही, असे न्यायालयाने ठरवले. भेट मदुराईतच, उद्यानात किंवा मंदिराच्या आवारात, सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत व्हावी आणि आईने सुमारे १० फुटांवर थांबावे, असा बदल केला. जागा, वेळ आणि अंतर ठरल्याने पालकांना आपसात ठरवण्यासारखे फारसे काही उरले नाही.

आदेशात आणखी काही बाबी असाव्यात : पालक स्वतः येऊ शकत नसल्यास आजी, मामा, आत्या यांपैकी कोण येईल, उशीर झाल्यास किती वेळ थांबायचे, ताप किंवा परीक्षा असेल तर बदली दिवस कोणता, औषधे व दप्तर कोणी द्यायचे. शाळेच्या दिवशी एकाने मुलाला शाळेत सोडावे आणि दुसऱ्याने तेथूनच न्यावे, ही पद्धत सोयीची ठरते, कारण पालक समोरासमोर येत नाहीत. त्यासाठी आदेशाची प्रत मुख्याध्यापकांकडे आधीच द्यावी. अनेक कौटुंबिक न्यायालयांच्या आवारातील बालकक्ष सुरुवातीला उपयोगी पडतो. पण काळ्या कोटांच्या गर्दीतून दर आठवड्याला जाणे मुलासाठी सुखाचे नसते.

पालकांतील निरोप लेखी, थोडक्यात आणि मुलापुरतेच असावेत. ‘बाबांना सांग, फी भरायची आहे’ हा निरोप मुलाकडे देऊ नये. निघताना मूल रडले, म्हणजे त्याला दुसरा पालक नकोसा आहे, असा अर्थ लगेच काढणेही योग्य नाही. पोटगी थकली म्हणून भेट रोखता येत नाही आणि भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवता येत नाही.

पालक वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील, तर प्रत्यक्ष भेटीला व्हिडिओ कॉलची जोड देता येते. २०२० मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने यास संपर्काचा हक्क म्हटले आणि रोज ५ ते १० मिनिटे बोलू देण्याचा उल्लेख केला.

हिंसाचाराची भीती असल्यास मात्र निकष बदलतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ नुसार भेट मुलाला अपायकारक वाटल्यास दंडाधिकारी ती नाकारू शकतात.

ताब्याचा आदेश परिस्थितीनुसार बदलून घेता येतो. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. परस्पर भेट बंद केल्यास अवमानाची कारवाई ओढवू शकते. सुट्टीतील मुक्कामाचा वाद असेल, तर अर्ज मार्चपूर्वीच केलेला बरा. उन्हाळ्यात अनेक राज्यांत न्यायालयांनाही सुट्टी असते.